लाव्हाच्या मातीवर पाया घालताना: खानापूर ते अथणी, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बांधकामासाठी माती तपासण्याचं काम मी बेळगावात गेली बरीच वर्षं करतो. फोनवर, साइटवर, कधी लग्नाच्या पंगतीतसुद्धा लोक जे विचारतात त्यातले नेहमीचे प्रश्न इथं घेतले आहेत. घर बांधणाऱ्यांसाठी लिहिलं आहे. सिव्हिलच्या पोरांनाही उपयोग व्हावा.

आमच्याकडं ज्वालामुखी कुठं आहे? मग ही माती लाव्हाची कशी?

शंकूसारखा डोंगर आणि त्यातून धूर, असलं काही इथं नव्हतंच. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला लांबलचक भेगा पडल्या आणि त्यांतून पातळ लाव्हा थरावर थर पसरत गेला. त्याचा झालेला काळा कातळ म्हणजे बेसाल्ट, आणि या साऱ्या पसाऱ्याला दख्खन ट्रॅप म्हणतात. बेळगाव त्याच्या दक्षिण टोकाला येतं.

तो कातळ कुजून माती झाली. मात्र कुजताना पाऊस किती होता आणि पाणी वाहून जायला वाट होती का, यावर मातीची जात ठरली. घाटाकडं धो धो पाऊस आणि उताराची जमीन. तिथं बाकीचं सगळं धुऊन गेलं, लोह आणि ॲल्युमिनियम मागं राहिलं, आणि जांभा तयार झाला. पूर्वेकडं पाऊस कमी आणि जमीन सपाट. तिथं मॉन्टमोरिलोनाइट नावाची चिकणमाती तयार झाली, आणि आपली काळी माती तिच्यामुळंच फुगते. खानापूरहून निघून बेळगाव, संकेश्वर, चिकोडी करत अथणीला गेलात तर खिडकीतूनच माती तांबड्याची काळी होताना दिसते. भात मागं पडतो, ऊस सुरू होतो. एकाच जातीच्या दगडाची ही दोन लेकरं, पण स्वभाव पार वेगळे.

जिल्ह्यातली सगळी माती मात्र लाव्हाची नाही. गोकाकचा धबधबा ज्या कड्यावरून कोसळतो तो वालुकाश्म आहे, लाव्हाच्या कितीतरी आधीचा. खानापूरच्या दक्षिणेला ट्रॅप संपतो आणि आणखी जुने खडक लागतात. त्यामुळं ‘बेळगाव जिल्ह्यात एवढी एवढी बेअरिंग (मातीची भार पेलायची ताकद) धरायची’ असं कोणी सांगितलं तर मान डोलावू नका.

शेताचं मृदा आरोग्य कार्ड आहे. ते चालेल का?

नाही. त्यात नत्र, स्फुरद, पालाश, सामू असतो. पीक कसं येईल ते त्यावरून कळतं. भिंत उभी राहील का, हे त्यात कुठंच नसतं. शिवाय तो नमुना वरच्या वीतभर मातीचा असतो, आणि पाया त्याच्या कितीतरी खाली जातो.

आमच्या काळ्या रानात उन्हाळ्यात पहार शिरत नाही. एवढ्या टणक जमिनीची तपासणी कशाला?

या पानावरचा हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. म्हणून उत्तर जरा लांब देतो.

धंद्यात नवा होतो तेव्हाची गोष्ट. चिकोडीकडच्या एका गावात सभामंडपासाठी नमुने काढायला आम्ही वैशाखात गेलो. जमिनीला हात घालता येईल एवढ्या रुंद भेगा होत्या. नळीतून निघालेली माती इतकी कडक, की नखाचा ओरखडासुद्धा उठेना. तिच्यावर नुसतं वरून दाबायची चाचणी केली, तिला अनकन्फाइन्ड कॉम्प्रेशन म्हणतात. आकडा आला ४०० किलोपास्कलच्या वर, म्हणजे वर्गवारीत सगळ्यात वरची, ‘हार्ड’. ज्यांच्या हाताखाली मी होतो त्यांनी आकडा पाहिला आणि कागद बाजूला सारला. म्हणाले, ‘हा आकडा मातीचा नाही, वैशाखाचा आहे.’ तीच माती पाण्यात मुरवून पुन्हा दाबली तेव्हा ताकद निम्म्याहूनही बरीच खाली आली, आणि नमुना तुटायच्या ऐवजी मधेच पोट सुटल्यासारखा फुगला.

सुकलेल्या चिकणमातीत पाणी कणांना एकमेकांकडं ओढून धरतं. मातीची उन्हाळ्यातली ताकद बहुतेक या ओढीतून आलेली असते. मृग-आर्द्राच्या पावसानं ती ओढ सुटते, आणि त्यावर उभी असलेली ताकदही जाते. आमच्या आज्याला हे यंत्राशिवाय ठाऊक होतं. वाफसा बघितल्याशिवाय त्यानं कधी कुरी धरली नाही. बांधकामाला आपण तेवढंही बघत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

म्हणून काळ्या मातीला दोन वेळा विचारावं लागतं. श्रावणात, पोटभर पाणी पिऊन झाल्यावर, तू किती भार घेशील? आणि चैत्र-वैशाखात कोरडी असताना पाणी मिळालं तर तू किती जोरानं उठशील? पहिला प्रश्न ताकदीचा, दुसरा फुगवणीचा. दोन्हींचे वाईट महिने वेगळे आहेत. एकाच महिन्यातला एकच आकडा घेऊन पाया ठरवला, की दोनातला एक धोका नजरेआड राहतोच.

माती फुगते की नाही हे घरच्या घरी कळेल का?

अंदाज येतो. प्रयोगशाळेतल्या सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात बोलक्या चाचणीला फ्री स्वेल इंडेक्स म्हणतात. भट्टीत वाळवून ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून चाळलेली माती १०० मिलिलिटरच्या काचेच्या दोन नळ्यांत प्रत्येकी १० ग्रॅम घालायची. एका नळीत रॉकेल, दुसरीत शुद्ध पाणी. ढवळून हवेचे बुडबुडे काढायचे आणि २४ तास ठेवून द्यायचं. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. समजा रॉकेलच्या नळीत माती ११ मिलिलिटरच्या खुणेपर्यंत बसली आणि पाण्याच्या नळीत २४ पर्यंत चढली, तर फरक १३, भागिले ११, म्हणजे सुमारे ११८ टक्के. ५० च्या आत असेल तर काळजी कमी. ५० ते १०० मध्यम, १०० ते २०० जास्त, त्यापुढं फारच जास्त.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या दोन नळ्या शेजारीशेजारी ठेवून मी घरमालकाला बोलावतो. एकीत तळाशी बसलेला चॉकलेटी थर, दुसरीत तीच माती दुप्पट उंचीची, मऊ, मलईसारखी. पाच पानांचा रिपोर्ट वाचून जे पटत नाही ते या दोन नळ्या बघून पटतं.

एकमजलीच घर आहे, हलकं. मग भीती कसली?

हलकं आहे म्हणूनच. काळी माती ओली झाली की वर रेटते. मातीची दबण-फुगवण मोजणाऱ्या यंत्रात, म्हणजे कन्सॉलिडोमीटरमध्ये, नमुना फुगू न देता पाणी पाजायचं आणि त्याला जागेवर दाबून धरायला किती दाब लागतो ते मोजायचं. त्याला फुगवणीचा दाब म्हणतात. चौरस मीटरला १० ते २० टन हा आकडा आपल्या पूर्वेकडच्या गावांत नवलाचा नाही, त्याहून जास्तही येतो. एकमजली घराच्या भिंतीखाली जमिनीवर पडणारा भार बऱ्याचदा त्याच्या निम्मादेखील नसतो. मग माती घर उचलते. तीन-चार मजल्यांची इमारत निदान तिला दाबून तरी धरते. कंपाउंडची भिंत, जनावरांचा गोठा, शौचालय, अंगणातली फरशी यांना आधी तडे जातात ते याच कारणानं.

आणि माती सगळीकडं सारखी उचलत नाही. घराच्या एका अंगाला उसाचं रान असेल, पाटाचं पाणी बारमाही लागत असेल आणि दुसऱ्या अंगाला कोरडा रस्ता असेल, तर एक कोपरा वर जातो आणि दुसरा जागेवर राहतो. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघते. दरवर्षी लांबी भरून, रंग काढून उपयोग नाही. पुढच्या उन्हाळ्यात ती पुन्हा उघडते.

ट्रायॲक्सियल चाचणी म्हणजे नेमकं काय करता? तिचे पैसे जास्त का?

मातीचा ३८ मिलिमीटर व्यासाचा आणि ७६ मिलिमीटर उंचीचा दंडगोल कापायचा. त्याला पातळ रबराची पिशवी चढवायची, पारदर्शक भांड्यात उभा करायचा, भांडं पाण्यानं भरायचं आणि पाण्याला दाब द्यायचा. जमिनीत असताना आजूबाजूची माती जशी सगळीकडून आवळते तसं हे आवळणं. मग वरून हळूहळू दाबत जायचं. कडक माती तिरप्या रेषेत सटकन तुटते. मऊ माती तुटत नाही, पिंपासारखी फुगत जाते. तेव्हा उंची २० टक्क्यांनी कमी होईपर्यंत दाबतात आणि तिथला भार घेतात. एकाच मातीचे निदान तीन नमुने तीन वेगळ्या दाबांखाली तोडले, की त्यातून दोन आकडे निघतात. एक मातीचा चिकटपणा, दुसरा कणांच्या घर्षणाचा कोन. आम्ही रोजच्या बोलण्यात त्यांना ‘सी’ आणि ‘फाय’ म्हणतो.

खरी मेख पाण्याला बाहेर पडायला वेळ देता की नाही यात आहे. चिखलातून भरली गाडी घाईनं नेली तर चाक रुततं, कारण चिखलातल्या पाण्याला सरकायला सवड मिळत नाही आणि भार पाण्यावरच पडतो. पाणी भार घेतं पण सरकण्याला विरोध करत नाही. तो विरोध फक्त कणांच्या घर्षणाचा. अभियंते कार्ल टर्झागी यांनी गेल्या शतकाच्या विशीत हे गणितात बसवलं आणि माती तपासण्याचं शास्त्र त्यावर उभं राहिलं. इमारत भराभर उठणार असेल तर पाणी अडवून केलेली जलद चाचणी लागते. धरणाचा बांध, कालव्याची बाजू, डोंगर कापून काढलेला रस्ता असेल तर पाण्याचा दाब मोजत केलेली सावकाश चाचणी लागते, आणि ती दिवसच्या दिवस चालते. पैसे त्या दिवसांचे.

माती तपासण्याचं भारतीय मानक आहे आयएस २७२०. त्याच्या ११ व्या भागात जलद चाचणी आहे, १२ व्या भागात पाण्याचा दाब मोजण्याची. रिपोर्टमध्ये नुसतं ‘ट्रायॲक्सियल’ लिहिलं असेल तर कोणती केली ते विचारा. तुमचा तो हक्क आहे.

गवंडी म्हणतात पिशवीत माती भरून पाठवू. चालेल ना?

जात ओळखायला, फुगवणीचा निर्देशांक काढायला, मुरूम भरावाला चालेल का ते बघायला पिशवी चालते. ताकद आणि दबण मोजायला नाही. मातीची वीण तशीच्या तशी राहिली पाहिजे. त्यासाठी पातळ पत्र्याची नळी जमिनीत दाबून बसवतात, बाहेर काढल्याबरोबर दोन्ही तोंडांना वितळलेलं मेण ओततात, वरखाली कोणतं ते लिहितात आणि सावलीत, ओल्या गोणपाटात गुंडाळून आणतात. नळी गाडीच्या डिकीत दोन दिवस उन्हात राहिली तर आतली माती काठापासून सुटते. असा नमुना मी परत पाठवतो. तपासून आकडा देता येईल, पण तो आकडा तुमच्या जमिनीचा नसेल.

घर किती खचेल आणि किती वर्षं खचत राहील?

२० मिलिमीटर जाडीची मातीची चकती कन्सॉलिडोमीटरमध्ये ठेवून दर २४ तासांनी भार दुप्पट करत जातात. डायलवर मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत दबण वाचायची. हे आठवडाभर चालतं.

वेळेचा हिशेब समजून घेण्यासारखा आहे. पाण्याला बाहेर पडायला जेवढं अंतर कापावं लागतं त्याच्या वर्गाच्या पटीत वेळ लागतो. चकतीतलं पाणी वरखाली दोन्हीकडून निघतं, म्हणजे जास्तीत जास्त १० मिलिमीटर. जमिनीत चार मीटर जाडीचा ओला थर असेल आणि वरखाली पाणी निघणारं असेल, तर अंतर २ मीटर. म्हणजे २०० पट. वेळ ४० हजार पट. चकतीला जे काम एका तासात होतं त्याला जमिनीत साडेचार वर्षं लागतात. वास्तुशांत होऊन तीन वर्षं झाली तरी भिंत का हलते, याचं उत्तर पुष्कळदा इथं असतं.

किती खचणं चालतं? पायाच्या भारतीय मानकात, आयएस १९०४ मध्ये, आरसीसी इमारतीच्या सुट्या फुटिंगला (कॉलमखालच्या पायाला) कडक मातीवर ५० मिलिमीटर आणि मऊ चिकणमातीवर ७५ मिलिमीटरची मर्यादा आहे. सगळं घर सारखं खचलं तर फारसं बिघडत नाही. दोन कॉलममधला फरक घातक. चार मीटरवरच्या दोन कॉलममध्ये त्याच नियमाप्रमाणं फक्त ६ मिलिमीटर फरक चालतो. पाटीच्या पेन्सिलीच्या जाडीएवढा.

खानापूरकडं आमचा जांभा आहे. तिथं तर निर्धास्त?

वरचं कवच खरंच चांगलं असतं. चिरा खाणीत मऊ कापला जातो आणि वाऱ्या-उन्हात कडक होतो. त्यामुळं भरवसा बसतो. पण कवचाखाली बऱ्याच ठिकाणी पांढरट-गुलाबी, बोटांत पावडर होणारी माती लागते. किनाऱ्याकडं तिला शेडी म्हणतात. कोरडी असताना ती उभी कापता येते, पाणी लागलं की ढासळते. विहीर खणणाऱ्यांना हे पक्कं माहीत असतं. त्यांना विचारा, कवच किती हात होतं आणि खाली काय लागलं. दोन हातांचं कवच लागलं म्हणून तिथंच तपासणीचं बोअर थांबवणं ही मी पाहिलेली सगळ्यात महागडी बचत.

प्रयोगशाळेसाठी एक गोष्ट: तांबडी माती भट्टीत सुकवून मग तिच्या मर्यादा (किती पाण्याला ती मळता येते आणि किती पाण्याला वाहते) काढू नका. सुकवताना तिचे बारीक कण एकमेकांना कायमचे चिकटतात आणि नंतर पाणी घालूनही सुटत नाहीत. माती प्रत्यक्षात आहे त्यापेक्षा जाड कणांची आणि कमी चिकट दिसते. ओलीच असताना तपासावी.

‘एन व्हॅल्यू’ म्हणजे काय?

बोअरच्या तळाशी नळी ठेवून तिच्यावर ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटिमीटरवरून टाकत राहायचा. पहिले १५ सेंटिमीटर सोडून पुढचे ३० सेंटिमीटर नळी शिरायला किती ठोके लागले तो आकडा. स्वस्त आहे, सगळीकडं होतं, जरूर करा. पण काळ्या मातीत तोही महिन्यानुसार बदलतो. कुजक्या कातळाला टेकल्यावर हातोडा उसळतो, तिथं आकड्याला अर्थ उरत नाही.

काळ्या रानातच घर बांधायचं आहे. उपाय?

आहेत, आणि त्यातला एक आपल्या मलप्रभेच्या कालव्याशी जोडलेला आहे. काळ्या मातीतून गेलेल्या कालव्यांचं अस्तर फुगवणीनं उखडत होतं. मुंबई आयआयटीचे प्राध्यापक आर. के. कट्टी यांनी दाखवून दिलं, की काळ्या मातीवर न फुगणाऱ्या पण थोडा चिकटपणा असलेल्या मातीचा, साधारण मीटरभर जाडीचा थर दाबून बसवला तर खालची फुगवण आवरली जाते. अशा थराला सीएनएस म्हणतात. आपल्याकडचा चांगला मुरूम या कामाला येतो, पण तोही आधी तपासून. वाळू भरून हे होत नाही. वाळूतून पाणी थेट खालच्या काळीपर्यंत पोचतं आणि दुखणं वाढतं. ‘खड्ड्यात वाळू टाका’ हा सल्ला गावोगावी ऐकतो, तेव्हा जीव तुटतो.

दुसरा उपाय अंडर-रीम्ड पाइल. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं आपल्याकडं तो रुजवला. साडेतीन मीटर किंवा जास्त खोल भोकात ओतलेला काँक्रीटचा खांब, तळाशी खांबाच्या अडीच पट रुंदीचा फुगा. ऋतूप्रमाणं हलणाऱ्या मातीच्या खाली पाय रोवून उभं राहायचं. प्लिंथ बीमच्या (जोत्याच्या तुळईच्या) खाली थोडी पोकळी ठेवायला मात्र विसरू नका, नाहीतर माती बीमच उचलते. काळीचा थर दोन मीटरच असेल तर सरळ काढून टाका आणि मुरमावर टेका. रस्त्यासाठी चुना मिसळणं चांगलं, तो या चिकणमातीचा स्वभावच बदलतो.

आणि बिनखर्चाचं: घराभोवती उतार देऊन रुंद पदपथ करा, न्हाणीचं पाणी भिंतीलगत सोडू नका, भिंतीजवळ मोठं झाड लावू नका.

जपानमध्ये ज्वालामुखीच्या मातीवर खूप काम झालंय. त्यांचे आकडे वापरू का?

पद्धती शिकाव्या, आकडे घेऊ नयेत. त्यांची माती राखेची आणि प्युमिसची (ज्वालामुखीच्या हलक्या, सच्छिद्र दगडाची), आपल्यापेक्षा फार तरुण. राखेतून ॲलोफेन नावाचं खनिज होतं. अशा मातीत कोरड्या वजनापेक्षा पाण्याचं वजन जास्त असलं तरी ती उभ्या कड्यासारखी टिकते, आणि एकदा चुरगाळली की ताकद सांडून जाते. प्युमिसचे दाणे पोकळ असतात, दाबाखाली दाणेच फुटतात आणि माती दबते. २०१८ च्या सप्टेंबरात होक्काइदोच्या भूकंपात अशा थरांवरून कितीतरी डोंगरउतार एका रात्रीत घसरले.

आपल्याकडं त्याच्याशी थोडं नातं सांगणारी एकच गोष्ट: लाव्हाच्या दोन थरांमधला लाल, गेरूसारखा पट्टा. विहिरीत किंवा रस्त्याच्या कापात तो दिसतो. उघडा पडून पाणी लागलं की तो सुटत जातो, आणि वरचा टणक कातळ अधांतरी राहतो. असा पट्टा दिसला तर त्याचा वेगळा नमुना घ्याच.

महापुरात घर पडलं. त्याच जागी बांधू का?

२०१९ च्या ऑगस्टनंतर कृष्णा, दूधगंगा, वेदगंगेच्या काठच्या गावांतून हाच प्रश्न आला. मातीच्या भिंती पाण्यात विरघळल्या. ती जमीन पुन्हा बुडणार हे धरून चला. मग मुरवलेल्या नमुन्याची ताकद हाच एकमेव आकडा. नदीकाठच्या गाळात थर बदलत जातात, तेव्हा एका घराला एक खड्डा पुरत नाही. दोन कोपऱ्यांत तरी घ्या.

कुठल्या महिन्यात बोलवू? रिपोर्टमध्ये काय बघू?

काळ्या रानात दिवाळीनंतर, मशीन शेतात जाईल एवढी जमीन आवळली की. माती खाली ओली असते, नमुना अखंड निघतो आणि बांधकाम उन्हाळ्यात सुरू करायला वेळ राहतो. जांभ्यात कधीही, पण पावसाळ्यात विहिरीची पातळी कुठं येते ते लिहून ठेवा आणि आम्हाला सांगा.

रिपोर्ट हातात आला की शेवटच्या पानावरचा एसबीसीचा, म्हणजे माती सुरक्षितपणे किती भार घेईल त्याचा, आकडा वाचून ठेवून देऊ नका. नमुना कोणत्या तारखेचा, किती खोलीवरचा, त्यात पाणी किती टक्के होतं, मुरवून तपासला की तसाच, फुगवणीचा दाब काढला का, पाण्याची पातळी कुठं लागली, हे बघा. यातलं एखादं लिहिलेलं नसेल तर फोन करून विचारा. येताना शेजारच्या घराला कुठं तडे गेलेत त्याचे फोटो आणा. आम्ही बोअरची जागा त्यावरून ठरवतो.